शाळा उघडण्याआधी संस्थेने करायची तयारी

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपुरात वस्तीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने हा जास्तीचा वेळ आधी कागदपत्रांना द्यावा, खरेदीला नंतर. दप्तर नसलं तरी मूल वर्गात बसतं. कागदावर अडलं की घरीच राहतं.

एप्रिलमध्ये घरोघरी जाऊन यादी करायची. प्रत्येक मुलाचं नाव आधार, जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर या तिन्ही ठिकाणी ताडून बघायचं. एकीकडे ‘वैष्णवी’, दुसरीकडे ‘वैशनवी’ असं सर्रास सापडतं आणि पुढे शिष्यवृत्तीचे पैसे त्यापायी अडकतात. आधारसाठी बोटांचे ठसे ५ व्या वर्षी पहिल्यांदा आणि १५ व्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात, तेही याच फेरीत विचारून घ्यावं. उत्पन्नाचा दाखला दहावी-बारावीच्या निकालांआधी काढावा. निकाल लागले की सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. जुना दाखला असेल तर त्यावरची मुदत वाचावी.

वीटभट्ट्यांवरून परतलेल्या कुटुंबांकडे शाळा सोडल्याचा दाखला बहुधा नसतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ इथे कामी येतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून कलम ५ नुसार, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून कलम १४ नुसार प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे. ही तीन कलमं छापून सोबत न्यावीत, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि तारखेसह पोच घ्यावी. तोंडी विनंतीला ‘पुढच्या आठवड्यात या’ हेच उत्तर मिळतं.

मग पैशाचा हिशोब. सरकारी शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, गणवेशाचीही योजना आहे. तेच पुन्हा विकत घेणं म्हणजे देणगी वाया घालवणं. खरी ओढाताण नववीपासून होते, कारण हा कायदा १४ वर्षांपर्यंतच आहे. पुस्तकं, बसभाडं, दहावीचं परीक्षा शुल्क यांसाठी रक्कम आधीच बाजूला काढावी. मधेच शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसायची वाट आहे. त्याची मुदत चुकली तर वर्ष जातं.

वह्या इतवारीच्या बाजारातून घाऊक घ्याव्यात, पण शिक्षकांना विचारूनच. पहिली-दुसरीला दुरेघी, चौरेघी आणि चौकटी वह्या लागतात. सगळ्यांना २०० पानी एकेरी वाटल्या तर लहानग्यांच्या तशाच पडून राहतात. दप्तर घेताना चेन दहा वेळा ओढून बघावी आणि पट्ट्याला दुहेरी शिलाई आहे का ते तपासावं, कारण पावसाळ्यात हीच दोन ठिकाणं आधी जातात. बूट इयत्तेवरून कधीच घेऊ नयेत. मुलाला कागदावर उभं करून दोन्ही पावलं आखावीत, मोठ्या पावलाचं माप धरावं, पुढे अर्धा इंच जागा सोडावी आणि कागदावर नाव लिहावं. शेकडा दहा जोड अदलाबदलीसाठी जास्त घ्यावेत.

वाटप वस्तीतच, संध्याकाळी, पालकांसमोर करावं. देणगीदारांसोबत मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नयेत. वर्गात त्यावरून चिडवतात.

पोळा-मारबत झाल्यावर हजेरी तपासावी. जे मूल सलग आठवडाभर गैरहजर आहे, त्याच्या घरी त्याच दिवशी, आईबाप कामावरून परतल्यावर जावं.