योद्ध्याची वाट तीन परंपरांत कशी ताडून बघायची

'योद्ध्याची वाट' ही अमेरिकन लेखक कार्लोस कास्तानेदाच्या पुस्तकांतली शिकवण. त्याचं पहिलं पुस्तक १९६८ला आलं, त्यातला त्याचा गुरू डॉन हुआन खरंच होता का यावर मानववंशशास्त्रज्ञांना मोठी शंका आहे, म्हणून ते याकी या मेक्सिकोतल्या आदिवासी लोकांचा धर्म समजून वाचू नका, फक्त शिकवण घ्या आणि तिच्यासमोर आपल्याकडच्या बौद्ध आणि हिंदू परंपरा ठेवा.

एका वेळी एकच मुद्दा घ्या. मी मरणापासून सुरुवात करायला सांगेन. कास्तानेदाकडे मरण डाव्या खांद्यामागे उभं असतं आणि सल्ला देतं, बौद्धांत मरणसती म्हणजे मरणाची आठवण ठेवणं ही रीतसर साधना आहे, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला जन्मलेल्याला मृत्यू अटळ म्हणून शोक सोडायला सांगतो. आठवडाभर विरार लोकलमध्ये मोबाईल खिशात ठेवून हे तिन्ही आळीपाळीने मनात धरून बघा, वहीत दोन ओळी लिहा, फरक आपोआप दिसतो.

मग कास्तानेदाचं मनातली बडबड थांबवणं घ्या, पतंजलीच्या योगसूत्रांतला चित्तवृत्तिनिरोध, म्हणजे मनाच्या हालचाली थांबवणं, याला खूप जवळचा वाटतो. विपश्यना या बौद्ध ध्यानात मात्र बडबड दाबत नाहीत, श्वास आणि संवेदना फक्त बघतात.

साम्य दिसलं की 'सगळं एकच' म्हणायची घाई नको प्लीज. वेदान्ताला आत्मा सापडतो, बुद्ध अनात्म, म्हणजे कायमचा आत्मा नाही, असं सांगतो, आणि कास्तानेदाचा योद्धा शक्ती गोळा करतो. करुणा तिथे मला फार कमी दिसली, आणि हे मला खरंच खटकतं.

एखाद्या रविवारी बोरिवलीहून कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना जा, भिक्षूंच्या दगडी ओट्याजवळ शांत बसा, आणि वही सोबत न्या.