हात, डोळे आणि कॉर्टेक्स: अभ्यास करताना या चुका टाळा

मेंदूविज्ञान शिकणाऱ्या मुलांची सादरीकरणं मी बरीच वर्षं ऐकतो आहे. विषय माकडाच्या हाताचा असो की डोळ्यांचा, चौथ्या-पाचव्या स्लाइडवर एक वाक्य हमखास येतं: 'हालचालीच्या आधी ही पेशी पेटली, म्हणजे हालचाल तिनेच घडवली.' पेशीच्या विद्युतसंकेतांचा आलेख छान चढलेला असतो, आणि निष्कर्ष नेमका तिथेच घसरतो. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलो आहे. तेव्हा हे दुरून केलेलं टीकाटिप्पण नाही.

नकाशावरच्या नावाला काम समजणं

कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, पट्टीवर आडवा पसरलेला, मोठ्या ओठांचा आणि अवाढव्य हातांचा, शरीराचा नकाशा म्हणून काढलेला तो विचित्र माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. 1937 मध्ये पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या मेंदूला हलका विद्युतप्रवाह देऊन जे पाहिलं, त्यातून तो आला. अडचण अशी की हे चित्र पाहून आपण पेटीच्या पट्ट्या डोळ्यांसमोर आणतो: ही पट्टी दाबली की अंगठा, ती दाबली की मनगट.

प्रत्यक्षात कॉर्टेक्समधून मेरुरज्जूकडे उतरणाऱ्या एकाच तंतूला फांद्या फुटतात आणि त्या अनेक स्नायूंच्या पेशींपर्यंत पोचतात. उलट बाजूने, एकच स्नायू दूरदूरच्या ठिकाणांहून हलवता येतो. 2002 मध्ये ग्राझियानो आणि सहकाऱ्यांनी माकाक माकडात प्रवाह क्षणभर न देता अर्धा सेकंद दिला. एका जागी तो दिला की हात कुठेही असला तरी तोंडाशी यायचा, बोटं चिमटीसारखी व्हायची आणि तोंड उघडायचं. इतका वेळ दिलेला प्रवाह आजूबाजूच्या जाळ्यात पसरतो, असा आक्षेप यावर आहे आणि तो वाजवी आहे. पण मुद्दा उरतोच. नकाशा कसा दिसेल हे तुम्ही किती प्रवाह, किती वेळ आणि जाग्या की भूल दिलेल्या प्राण्याला दिला यावर ठरतं. 2023 मध्ये तर माणसांच्या एमआरआय अभ्यासातून असं पुढे आलं की पाय, हात आणि चेहरा यांच्या पट्ट्यांच्या मधेमधे वेगळेच भाग आहेत आणि ते कृतीचं नियोजन करणाऱ्या जाळ्याशी जोडलेले आहेत. पाठ्यपुस्तकातला सलग माणूस आता तुटक झाला आहे.

आणखी एक. 'मोटर कॉर्टेक्स (हालचालीचे आदेश देणारा कॉर्टेक्सचा भाग) म्हणजे बाहेर जायचं एकमेव दार' असं लिहू नका. मेरुरज्जूकडे जाणारे तंतू त्याच्या पुढच्या प्रीमोटर भागांतून, मधल्या बाजूच्या पूरक मोटर भागातून, अगदी डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूच्या पराइटल कॉर्टेक्समधूनही निघतात.

'आधी' म्हणजे 'कारण' असं धरणं

ही सगळ्यांत खोल रुतलेली चूक आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हात हलायच्या कितीतरी आधी मोटर कॉर्टेक्समधल्या पेशी जाग्या होतात. माकड 'आता हल' या खुणेची वाट पाहत बसलेलं असतं, स्नायू शांत असतात, पण पेशी मात्र जोरात चालू. मग त्या स्नायूंना हलवत का नाहीत? 2014 मध्ये यावर एक सुरेख उत्तर मिळालं. समजा एका स्नायूवर दोन पेशींचा ताबा आहे आणि स्नायूला दोघींची फक्त बेरीज कळते. एकीने जितका जोर वाढवला तितकाच दुसरीने कमी केला, तर आत खळबळ असूनही स्नायूपर्यंत काहीच पोचत नाही. तयारी या 'बेरीज न बदलणाऱ्या' दिशेने चालते. हालचाल सुरू होताना पेशींचा समूह दुसऱ्या दिशेला वळतो, आणि तेव्हा हात उचलला जातो. एकेका पेशीचा आलेख पाहून हे कधीच दिसलं नसतं.

मिरर न्यूरॉनच्या गोष्टीतही तेच. दुसऱ्याला वस्तू पकडताना पाहून माकडाची पेशी पेटते, हे इतकं गाजलं की त्यावर वाट्टेल ते इमले उभे राहिले. पण मेरुरज्जूकडे जाणाऱ्या पेशींतल्या काही, माकड स्वतः पकडतं तेव्हा पेटतात आणि दुसऱ्याला पाहताना उलट दबतात. हा तपशील लोकप्रिय लेखांत क्वचितच येतो.

मग कारण शोधायचं कसं? तो भाग बंद करून पाहायचा, हे सोपं उत्तर. पराइटल कॉर्टेक्समधला एलआयपी हा भाग वर्षानुवर्षं निर्णयाचं घर मानला गेला, कारण तिथल्या पेशींचा आलेख पुरावा साठत जावा तसा चढतो. 2016 मध्ये तो भाग औषधाने तात्पुरता गप्प केला, तर पडद्यावरचे ठिपके कोणत्या दिशेला सरकताहेत हे ओळखण्यात माकडांचं फारसं काही अडलं नाही. गतीची नोंद घेणारा एमटी हा दृष्टीचा भाग गप्प केला तेव्हा मात्र ती साफ गोंधळली.

इथे घाई करून 'एलआयपी बिनकामाचा' असं लिहिणारे उलट्या बाजूने तीच चूक करतात. शिलर आणि सहकाऱ्यांचा 1980 चा प्रयोग आठवा. नजर झटकन एका जागेवरून दुसरीकडे उडवण्याचं काम कपाळामागचा एफईएफ हा भाग आणि मध्यमेंदूतला सुपीरियर कॉलिक्युलस, दोन्ही करतात. कोणताही एक काढला तर काही काळाने माकड नजर बऱ्यापैकी हलवायला लागतं. दोन्ही काढले की नजर जवळपास बांधली जाते. एकेकटा प्रयोग वाचला असता तर 'दोन्हींपैकी काहीच गरजेचं नाही' असा निष्कर्ष निघाला असता.

शिवाय चाचणी कोणती घेतली तेही बघा. 1968 मध्ये लॉरेन्स आणि कायपर्स यांनी माकडांचे कॉर्टेक्सपासून मेरुरज्जूकडे जाणारे पिरॅमिडल तंतू दोन्ही बाजूंनी कापले. ती माकडं पुढे चालायला, धावायला, पिंजऱ्यावर चढायला लागली. लांबून पाहणाऱ्याला ती बरी झालेली दिसली असती. मग त्यांच्यासमोर छोट्या खळग्यांत खाऊ ठेवला. माकडाला एकटं बोट आत घालून तो काढता येईना, पंजा सगळा मिळूनच मिटायचा. बोटांची सुटी हालचाल परत आलीच नाही.

दृष्टीच्या दोन प्रवाहांमध्ये भिंत बांधणं

दृष्टीची माहिती मागून पुढे दोन वाटांनी जाते: खालची वस्तू ओळखायला, वरची जागा कळायला. अंगरलायडर आणि मिश्किन यांची ही मांडणी 1982 ची. 1992 मध्ये गुडेल आणि मिल्नर यांनी वरच्या वाटेचं काम 'कुठे'पेक्षा 'कसं पकडायचं' असं मांडलं. त्यांच्याकडची डीएफ नावाने ओळखली जाणारी रुग्ण हे यामागचं मोठं कारण. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर तिला आकार ओळखता येईनात. समोरची फट उभी आहे की आडवी, हे हातातलं कार्ड फिरवून दाखवायला सांगितलं तर ती चुकायची. कार्ड फटीत टाकायला सांगितलं की मनगट वाटेतच अचूक वळायचं.

उदाहरण इतकं चटकदार आहे की त्यावरून दोन बंद नळ्यांचं चित्र मनात बसतं. ते पुसायला एक आकडा पुरे: 1991 मध्ये फेलमन आणि व्हॅन एसेन यांनी माकाकच्या दृष्टीशी संबंधित 32 भागांमध्ये 305 जोडण्या नोंदल्या, आणि बहुतेक दुहेरी. तेव्हा फक्त पुढे जाणारा बाण काढलात तर निम्मं चित्र गाळलंत.

डोळा स्थिर आहे असं गृहीत धरणं

ही माझी खास चूक, म्हणून सांगतो. आमच्या नोंदींत एक दृष्टीची पेशी होती. बक्षीस डावीकडून मिळणार असेल तर ती जास्त पेटायची. दोन आठवडे आम्ही 'अपेक्षेचा संकेत' म्हणून नाचत होतो. मग एका सहकाऱ्याने डाव्या आणि उजव्या ट्रायलमधली (प्रयोगाच्या एकेका फेरीतली) डोळ्याची जागा एकावर एक काढली. माकड प्रत्येक वेळी बक्षिसाच्या बाजूला किंचित सरकत होतं, अंशाच्याही छोट्या भागाने.

हे का घडतं ते मापात बघा. हात लांब केला तर करंगळीच्या नखाची रुंदी साधारण एक अंश भरते. 'नजर इथेच ठेव' म्हणून आपण माकडाला जी चौकट देतो ती बहुधा एक-दोन अंशांची असते. आणि व्ही1 या दृष्टी कॉर्टेक्सच्या पहिल्या भागातली, नजरेच्या केंद्राजवळची पेशी दृश्याचा जो तुकडा पाहते तो अंशापेक्षाही लहान. म्हणजे चौकटीत राहूनही नजर इतकी सरकते की चित्र पेशीच्या तुकड्यातून बाहेर जावं. प्रत्येक तुलनेआधी डोळ्याच्या जागेचे आलेख दोन्ही बाजूंसाठी वेगळे काढा, डोळ्याच्या सूक्ष्म उड्या मोजा, आणि फक्त सारख्या जागेच्या ट्रायल घेऊन परिणाम टिकतो का ते पाहा.

उंदरांवरचे निष्कर्ष माकडावर चिकटवतानाही हाच खड्डा लागतो. धावताना उंदराच्या दृष्टी कॉर्टेक्समध्ये जोरदार बदल होतो. 2023 च्या अभ्यासात माकाकमध्ये डोळ्यापर्यंत काय पोचतं याचा हिशेब धरल्यावर अंगाच्या हालचालींचा परिणाम फारच थोडा उरला.

पण म्हणून डोळ्यांचा सगळा परिणाम कचरा समजून वजा करू नका. 2003 मध्ये मूर आणि आर्मस्ट्राँग यांनी एफईएफला इतका कमी प्रवाह दिला की डोळा हललाच नाही. तरी दृश्याच्या त्याच जागेवर लक्ष ठेवणाऱ्या व्ही4 या दृष्टीच्या भागातल्या पेशींचा प्रतिसाद वाढला. हालचालीचं यंत्र इथे दृष्टीलाच हात देतं. आणि 1992 पासून माहीत आहे की एलआयपीतल्या काही पेशी, नजर उडाल्यावर जे त्यांच्या तुकड्यात येणार आहे त्याला, नजर उडायच्या आधीच प्रतिसाद देऊ लागतात. हा संकेत डोळा सरकल्यामुळे आलेला असूच शकत नाही, कारण डोळा अजून जागेवर असतो. तो ओळखायला आलेख दोनदा काढावा लागतो: एकदा चित्र दिसल्याच्या क्षणी शून्य धरून, एकदा डोळा हलल्याच्या क्षणी. पहिल्यात जो उंचवटा पसरट आणि धूसर दिसतो, तो दुसऱ्यात शून्याच्या डावीकडे टोकदार उभा राहिला, तर पुढची ट्रायल लावायला हरकत नाही.