थायलंडला शिकवायला निघालात? तिकिटाआधी या चुका टाळा

एप्रिल लागला की माझा फोन वाजायला लागतो. थायलंडच्या शाळांचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, त्यामुळे भरतीचा हंगाम हाच. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, वन-वे तिकीट काढलंय, आता व्हिसाचं काय करू?" अरे बाबा, आधी लगीन व्हिसाचं!

"तिथे गेल्यावर शाळा बघेल"

सगळ्यात महागडी चूक ही, आणि ती मी स्वतः केली आहे. शाळेच्या बाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या होत्या, टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं आम्ही करू. मी आले मुंबई विमानतळावर, रात्री एक वाजता, दोन बॅगा आणि सोडायला आलेले मामा घेऊन. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "रिटर्न तिकीट?" मी म्हटलं, नाही, मला तिथे नोकरी लागलीय. वर पुरावा म्हणून शाळेचं पत्र काढून दाखवलं. मोठ्या अभिमानानं! तिनं पत्र वाचलं, पासपोर्ट उलटला आणि शांतपणे विचारलं, "कामाला चाललात, मग व्हिसा पर्यटकाचा कसा?"

विमान मला न घेताच गेलं. तिच्यावर तेव्हा फार चिडले होते, पण चूक तिची नव्हती. प्रवाशाला पलीकडच्या देशानं परत धाडलं तर त्याला आणण्याचा भुर्दंड विमान कंपनीवर पडतो, शिवाय दंड होऊ शकतो तो वेगळाच. पहाटे टॅक्सीनं डोंबिवलीला परतताना मामा एक शब्द बोलले नाहीत. तिकिटाचे पैसे बुडाले.

दोन महिन्यांनी गेले तेही वन-वे तिकिटावरच. पण आता पासपोर्टवर नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा होता, म्हणजे नोकरीवाल्यांचा. काउंटरवर कुणी ब्रही काढला नाही. आता हा अर्ज ऑनलाइन होतो. शाळेकडून कागद मागवा, भारतात बसून अर्ज करा, व्हिसा हातात आला की मगच तिकीट. हा व्हिसा सहसा 90 दिवसांचा असतो. तेवढ्यात शाळा वर्क परमिट काढते आणि मुक्काम वर्षभरासाठी वाढवून घेते. शाळा कागद पाठवायला टाळाटाळ करत असेल तर ती शाळा सोडा. दुसरी मिळते.

आणि ते 'डमी तिकीट'! दोन-तीनशे रुपयांत खोटं रिटर्न बुकिंग करून देणारे व्हिडिओ बघून पोरं मला लिंक पाठवतात. खोट्या कागदावर परदेशात पाऊल टाकायचं आणि तिथल्या मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला सांगायचं, हे मला तरी जमणार नाही.

दिवाळीला घरी, आणि व्हिसा हवेत

ऑक्टोबरमध्ये तिथे सत्र संपतं आणि सुट्टी लागते. आपली दिवाळी बऱ्याचदा याच सुमारास. माझा एक सहकारी, साताऱ्याकडचा, वर्षभराची मुदतवाढ ताजी ताजी मिळालेली. आईला सांगितलं नाही, थेट दारात उभा राहणार होता. राहिलाही. फक्त निघण्यापूर्वी री-एन्ट्री परमिट, म्हणजे त्याच मुदतवाढीवर परत आत येण्याची परवानगी, काढलं नव्हतं. ते न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की ती मुदतवाढ तिथेच संपते. पुन्हा शाळेचे कागद, पुन्हा व्हिसाचा अर्ज, पुन्हा वर्क परमिट. तो वर्गात परतला तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता, आणि तेवढ्या दिवसांचा पगार कापला गेला. वाचले किती? एका वेळच्या परमिटचे 1,000 बाट.

मी मुदतवाढीचा शिक्का बसला की त्याच कार्यालयात, त्याच खुर्चीवर बसून दुसरा फॉर्म भरते. तोही 3,800 बाटचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा. घरून कधी फोन येईल सांगता येत नाही. विमानतळावरही हे परमिट मिळतं, पण सुटायच्या विमानाकडे डोळे लावून रांगेत उभं राहण्याची हौस मला नाही.

बाकीच्या

नावांचा घोळ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आपल्याला त्यात काही वाटत नाही, तिथला कारकून मात्र अक्षर अन् अक्षर जुळवतो. विवाह नोंदणीच्या दाखल्याची इंग्रजी प्रत घेऊनच निघा.

"डिग्री नसली तरी चालतं" म्हणणारा एजंट. चालत नाही. शिक्षकांची परवानगी तिथे 'खुरुसफा' देते (म्हणजे आपलीच 'गुरुसभा', शब्द तोच), आणि ती पदवी मागते. इंग्रजी शिकवायचं तर आपल्याकडून बहुतेक वेळा टोइक किंवा आयेल्ट्सचे गुणही मागतात. चिडून उपयोग नाही, परीक्षा देऊन टाका.

पासपोर्ट ईसीआर, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना आपल्या सरकारची मंजुरी लागणारा, आहे का ते बघा. थायलंड त्या देशांच्या यादीत आहे. पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडायचा कंटाळा केलेले पदवीधरही इथे अडकतात.

पैसे. खोली घेताना साधारण दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ द्यावं लागतं, आणि पहिला पगार महिनाअखेरीस. म्हणजे तीन भाडी आणि महिनाभराचं जेवण खिशात हवं. मित्राकडे राहीन म्हणणाऱ्यांचा मित्र पंधरा दिवसांत कंटाळतो.

मूळ पदवी चेक-इन बॅगेत टाकू नका. हातात.

दर 90 दिवसांनी तिथल्या इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो. फुकट आहे, विसरलात तर 2,000 बाट.

आणि लेसचे बूट नेऊ नका. बऱ्याच शाळांत वर्गाबाहेर बूट काढून ठेवावे लागतात, दिवसातून पाच-सहा वेळा.