पेनकिलरसोबत व्हिटॅमिन घेताय? या चुका टाळा

कंबर धरली की डायक्लोफेनॅक या पेनकिलरसोबत व्हिटॅमिन बी१, बी६, बी१२ देतात, आणि त्यात तथ्य आहे. अचानक उसळलेल्या कंबरदुखीत नुसत्या डायक्लोफेनॅकपेक्षा या जोडीने लवकर आराम पडतो असं काही अभ्यासांत दिसलंय. फायदा एवढाच, की पेनकिलर लवकर थांबवता येते. पण "व्हिटॅमिन आहे ना सोबत, मग पोटाला काही होत नाही" हे कुठून आलं देव जाणे! अल्सर, किडनीवरचा ताण, वाढणारं बीपी, सगळं तसंच राहतं. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर गोळी बंद आणि तडक डॉक्टर.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक, बी६. ओळखीतल्या एका काकांना मणक्याच्या दुखण्यावर अशी गोळी थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली, यांनी तीच चिठ्ठी दाखवत महिनोन्महिने चालवली. पायाला मुंग्या यायला लागल्या तर म्हणे नसा कमजोर झाल्यात, म्हणून वर 'नसांची' वेगळी गोळी सुरू, मग कोणीतरी सांगितलं म्हणून मल्टिव्हिटॅमिन पण. मुंग्या वाढल्या की गोळ्या वाढायच्या. शेवटी चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळेना. न्यूरॉलॉजिस्टनी सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडायला लावल्या, तिन्हीत बी६! गंमत अशी की बी६ कमी पडलं तरी मुंग्या येतात आणि जास्त झालं तरी येतात, आणि आपल्या लोकांना फक्त पहिली शक्यता सुचते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १.३ ते १.७ मिलिग्रॅम पुरतं. अमेरिकेत वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे, युरोपने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेतली की १०० झालेच, आठवडाभर ठीक, पण वर्षभर? काकांच्या मुंग्या गोळ्या बंद केल्यावर कमी झाल्या, पण सावकाश.

दुसरी चूक, नावं वेगळी म्हणून दोन गोळ्या. एकीत डायक्लोफेनॅक, दुसरीत डायक्लोफेनॅक अधिक व्हिटॅमिन, शिवाय डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, म्हणजे त्याच जातीची आणखी एक पेनकिलर. डायक्लोफेनॅक दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या वर नाही म्हणजे नाही, आणि दोन दिवसांत फरक नाही म्हणून डोस दुप्पट करणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

कोटिंगवाली गोळी कुटून घेऊ नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पेनकिलर आणि जास्त डोसचं व्हिटॅमिन ई, दोन्ही विचारल्याशिवाय नको. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्यांचं बी१२ खरंच कमी होऊ शकतं, पण इंजेक्शन घेऊन मग टेस्ट करू नका, रिपोर्ट फसवा येतो.

मी स्ट्रिप उलटी करून घटक वाचतो, आणि गोळी कधी बंद करायची ती तारीख पेनने तिच्यावरच लिहितो. बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे सगळं करायच्याही आधी डॉक्टरांना फोन करा.