ईयूव्ही दुर्बिणीचं मॉडेल करताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की खानापूर तालुक्यातल्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची लगबग सुरू होते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींनी ईयूव्ही, म्हणजे तीव्र अतिनील किरणांच्या दुर्बिणीचं मॉडेल केलं. पुठ्ठ्याची नळी, पुढे भिंग. रंगकाम सुरेख, पण ते भिंगच चुकीचं होतं.

हे किरण काचेतून पार होत नाहीत. साध्या आरशावर सरळ पडले तर बहुतेक त्यातच जिरतात. मुलींना मी मलप्रभेच्या काठी नेलं. चपटा दगड वरून टाकला की बुडतो, पाण्याला घासत भिरकावला की टप्पे घेत पलीकडे जातो. ईयूव्ही किरणही आरशाला असेच घासून जाऊ द्यावे लागतात. म्हणून आरसा सहसा ताटासारखा नसतो, बुड नसलेल्या निमुळत्या भांड्यासारखा असतो आणि त्याची आतली बाजू चकचकीत असते. नासाने जून 1992 मध्ये सोडलेल्या ईयूव्हीई उपग्रहावरच्या दुर्बिणींचे आरसे असेच होते. मुलींनी भिंग काढलं आणि नळीत चंदेरी कागदाचं नरसाळं बसवलं.

एककांकडे फार लक्ष द्या. ईयूव्ही किरणांची तरंगलांबी साधारण 10 नॅनोमीटरपासून 912 अँगस्ट्रॉमपर्यंत असते, आणि 912 अँगस्ट्रॉम म्हणजे 91.2 नॅनोमीटर. चार्टवर 912 नॅनोमीटर लिहिलं तर तुम्ही थेट अवरक्त किरणांत पोहोचता! इस्रोच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाचं चित्रही इथे चिकटवू नका. त्याची अतिनील दुर्बीण साधारण 130 नॅनोमीटरपासून पुढचं पाहते, ते ईयूव्ही नव्हे.

सगळ्यात मोठी चूक समजुतीतली आहे. ताऱ्यांमधल्या जागेतला हायड्रोजन हे किरण शोषतो, त्यामुळे लांबचं काहीच दिसणार नाही, असं पूर्वी बऱ्याच शास्त्रज्ञांनाही वाटायचं. पण पावसाळ्यात चोर्ला घाटातून गेलेल्यांना ठाऊक आहे, धुकं सगळीकडे सारखं नसतं. एका वळणावर समोरची गाडी दिसत नाही, पुढच्या वळणावर दरीपलीकडचं रान दिसतं. हायड्रोजनही तसाच कुठे दाट, कुठे विरळ आहे. जुलै 1975 मध्ये अपोलो-सोयुझ मोहिमेतल्या दुर्बिणीला एचझेड 43 हा श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, तप्त गाभा) या किरणांत दिसला, आणि 1990च्या दशकात अख्ख्या आकाशाची पाहणी झाली. तरंगलांबी कमी तितकं शोषण जास्त, असंही मुलं लिहितात. ईयूव्हीत ते उलट आहे: 91 नॅनोमीटरजवळ हायड्रोजन सर्वाधिक शोषतो, 10कडे जाल तसं शोषण घटतं.

नकाशा काढायचा असेल तर फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहा. व्याधाच्या खाली, लांब धरलेल्या मुठीहून जरा जास्त अंतरावर अधारा तारा आहे. तो सुमारे 400 प्रकाशवर्षं दूर, व्याध जेमतेम 8.6. तरी सूर्य सोडला तर ईयूव्हीत अधाराच सगळ्यात तेजस्वी, कारण त्या दिशेला हायड्रोजन फारच विरळ आहे. तेव्हा चार्टवर त्याचा ठिपका व्याधापेक्षा मोठा काढा.