छपाईसाठी विशेष कागद आणि फिनिशिंग कसे निवडावे

माहितीपत्रक, वार्षिक अहवाल, निमंत्रणपत्रिका किंवा वेष्टन यांपैकी काहीही छापून घ्यायचे असले, तरी कागदाचा प्रश्न बहुधा डिझाइन मंजूर झाल्यावर, म्हणजे फार उशिरा निघतो. वास्तविक कागद आणि त्यावरील फिनिशिंग, म्हणजे छपाईनंतर पृष्ठावर करायची प्रक्रिया, यांचा निर्णय एकत्र आणि आधीच घ्यायला हवा. छापील वस्तू किती हातांतून जाणार, तिला घड्या पडणार का, तिच्यावर कोणी पेनाने लिहिणार का आणि ती किती काळ टिकायला हवी, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढली, की नमुन्यांच्या पुस्तकातील बरेचसे कागद आपोआप बाद होतात.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. ती जाडी नव्हे. ए४ आकाराचा कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, त्यामुळे १३० जीएसएमच्या कागदावर छापलेल्या सोळा पृष्ठांच्या, म्हणजे आठ कागदांच्या ए४ माहितीपत्रकाचे वजन सुमारे ६५ ग्रॅम भरते. टपालाने पाठवायचे असल्यास हा हिशेब आधीच करून ठेवावा. जाडीचे मात्र असे गणित नाही. चकचकीत आर्ट पेपर दाबून घोटलेला असल्याने तेवढ्याच जीएसएमच्या अनकोटेड, म्हणजे वर लेप न दिलेल्या, कागदापेक्षा तो पातळ लागतो. पुस्तकाच्या कण्याची, म्हणजे बांधणीच्या कडेची, रुंदी जीएसएमवरून ठरवणे म्हणूनच धोक्याचे असते. त्यासाठी प्रत्यक्ष कागदाची कोरी डमी, म्हणजे न छापलेली नमुना प्रत, बांधून मोजावी.

अनकोटेड कागद शाई शोषतो, चित्र ज्यांनी बनते ते शाईचे बारीक ठिपके पसरतात आणि छायाचित्रे गडद व किंचित मळकट दिसू लागतात. असा कागद निवडला असेल, तर छायाचित्रे त्याच कागदाच्या हिशेबाने तयार करून घ्यावीत. रंगीत कागदाबाबत आणखी एक गोष्ट विसरली जाते. ऑफसेटची, म्हणजे प्लेट वापरून होणाऱ्या छपाईची, शाई पारदर्शक असल्याने खालचा रंग तिच्यातून वर येतो आणि पिवळसर कागदावर निळे बोधचिन्ह हिरवट दिसते. खरखरीत पोताच्या कागदावर डिजिटल छपाई करायची असेल, तर टोनर, म्हणजे शाईची भुकटी, खोलगट भागांत नीट पोहोचत नाही आणि भरीव रंगाच्या पट्ट्यात पांढरे ठिपके राहतात. अशा कागदावर मोकळी जागा जास्त ठेवलेली बरी. पोत दिसावा म्हणूनच तर तो घेतलेला असतो.

घड्या असतील, तर ग्रेनकडे, म्हणजे कागदातील तंतूंच्या दिशेकडे, दुर्लक्ष करू नये. कागदातील तंतू बहुतांशी एका दिशेने असतात आणि घडी त्या दिशेला समांतर पडली तर स्वच्छ बसते, आडवी पडली तर फुटते. दिशा ओळखण्यासाठी कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करावा. तो ज्या अक्षाभोवती नळीसारखा वळतो, तीच ग्रेनची दिशा. गडद निळ्या भरीव रंगाच्या एका पत्रकात मी हे तपासले नव्हते. प्रत्येक घडीवर पांढरी रेघ उमटली आणि पत्रके हातात घेताच शाईचा भुगा बोटांना लागू लागला. जाड कागदाला घडीपूर्वी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच, करून घ्यावेच, पण चुकीच्या ग्रेनची भरपाई ते पूर्णपणे करत नाही.

फिनिशिंगमध्ये माझा कल एकाच प्रक्रियेकडे असतो. मॅट लॅमिनेशन (बिनचकाकीचा प्लॅस्टिकचा पातळ थर), स्पॉट यूव्ही (ठरावीक भागावरच दिलेला चकचकीत थर), फॉइल (दाबून चिकटवलेला धातूसारखा चमकदार पापुद्रा) आणि एम्बॉसिंग (दाबून आणलेला उठाव) हे सगळे एकाच मुखपृष्ठावर आले, की नेमके काय पाहायचे ते वाचकाला कळत नाही. मॅट लॅमिनेशनने रंग थोडे मवाळ होतात, आणि काळ्या किंवा गडद पृष्ठावर बोटांचे ठसे व ओरखडे चटकन दिसतात. लॅमिनेशन एकाच बाजूला केले, तर मोकळी बाजू हवेतील ओलावा शोषून फुगते आणि मुखपृष्ठ वळते. पेनाने भरायच्या अर्जाला लॅमिनेशन अर्थातच चालत नाही. स्पॉट यूव्ही बारीक अक्षरांवर देऊ नये, कारण छपाई आणि यूव्हीचा थर यांच्यात केसभर फरक पडला तरी अक्षराला दुहेरी कड दिसते. मोठ्या आकृतीवर तो फरक लपतो. फॉइलमध्ये फार बारीक रेषा तुटतात आणि जवळजवळच्या रेषांमधली पोकळी भरून जाते. एम्बॉसिंगचा उठाव मागच्या बाजूला खोलगट उमटतो, त्यामुळे तेथे मजकूर ठेवू नये.

पडद्यावरचा किंवा साध्या कागदावरचा प्रूफ, म्हणजे तपासणीचा नमुना, यांतले काहीही दाखवत नाही. छापखान्याला ठरलेल्याच कागदावर, ठरलेल्याच फिनिशिंगसह एक नमुना मागावा, तो दुमडावा, नखाने घासावा, त्यावर लिहून पाहावे आणि मगच मंजुरीची सही करावी. पूर्ण कामाचा कागद एकाच लॉटमधून आणि यंत्र लावताना वाया जाणारे ताव धरून मागवावा, कारण विशेष कागदाचा पुढचा लॉट रंगछटेत किंचित वेगळा निघू शकतो.