तलाव मोजून झाला, आता काठ बघा

हिमसरोवर फुटीच्या, म्हणजे हिमनदीच्या पाण्याचा तलाव बांध फोडून पूर आणतो त्याच्या, अभ्यासात नवीन आलेले बहुतेक जण तलावाचं क्षेत्रफळ काढण्यातच अडकतात. ते काढायलाच हवं. पण सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाकचं उदाहरण बघा. तिथली हिमनदी मागे हटतेय, पाणी वाढतंय, हे उपग्रहचित्रांवरून कितीतरी वर्षं माहीत होतं. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री काठावरचा गोठलेला मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढिगारा, तलावात कोसळला. त्याने उठलेल्या लाटेने बांध फुटला आणि खाली चुंगथांगचं तीस्ता-३ धरण वाहून गेलं. म्हणून माझ्या मते निम्मा वेळ काठाला द्यावा.

तलाव रेखाटायला सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं पुरतात. त्यातले बँड, म्हणजे प्रकाशाचे पट्टे, दोन लागतात: बँड ३ (हिरवा) आणि बँड ८ (निअर इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा), दोन्हींत एक ठिपका १० मीटरचा. त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी ओळखायचा निर्देशांक, मिळतो. पाणी निअर इन्फ्रारेड शोषून घेतं, त्यामुळे तिथे आकडा वर जातो. गंमत अशी, की डोंगराची सावलीही कधीकधी तलाव म्हणून मिरवते. मग उंचीच्या मॉडेलवरून (जमिनीची जागोजागची उंची देणाऱ्या डिजिटल नकाशावरून) उतार काढा: वीस अंशांच्या उतारावर तलाव कसा असेल? तरी शंका उरली तर दुसऱ्या महिन्याचं चित्र लावा, सावली जागा बदलते. चित्रं शक्यतो पावसाळा सरल्यावर, पण तलाव गोठण्याआधीची घ्या. ढगच असतील तर सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार आहे, ते ढगांतूनही बघतं. अरुंद दऱ्यांत मात्र तेही दगा देतं.

खोली यातून कळत नाही. क्षेत्रफळावरून घनफळ काढायची सूत्रं सरासरीवर बेतलेली असतात, तेव्हा अहवालात एकच आकडा ठोकून देऊ नका, किमान-कमाल द्या.

आता काठ. वर लटकलेला बर्फ आहे का? मोरेन सरकतोय का? संथ हालचाल इनसार पद्धतीने, म्हणजे वेगवेगळ्या वेळी घेतलेली दोन रडार चित्रं ताडून, सापडते. वेग जास्त असला की दोन रडार चित्रांचा मेळच बसत नाही. अशा वेळी साध्या चित्रांमध्ये एखाद्या ठळक खडकाचा किंवा भेगेचा माग काढा. कंटाळवाणं काम आहे, पण धोक्याची खरी कुणकुण इथेच लागते.

पूर कुठवर जाईल हे बघायला हेक-रास हे पुराचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात उंचीचं कोणतं मॉडेल घालताय ते तपासा. एसआरटीएम या अंतराळयानातल्या रडारवरून केलेल्या मॉडेलची मोजणी फेब्रुवारी २००० ची. त्यानंतर तलाव पसरला असेल, तर आज पाणी आहे तिथे त्यात हिमनदीच दिसेल, आणि नंतर बांधलेलं धरण तर त्यात नसेलच. खालची गावं, पूल आणि वीजप्रकल्प ताज्या चित्रावरून स्वतः टिपून घ्या.